धुऱ्यावरची निर्गुडी

आईची एक निर्गुडी होती. ती माझ्या हातानं वाळली. हे आधीच सांगून टाकते, कारण शेवटी सांगायचं ठेवलं तर तोवर मी माझीच बाजू लावून धरीन. स्वभावच तसा आहे. चूक माझी असली की माझा आवाज जास्त चढतो.

मी वाशीमच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. गाव किन्हीराजाच्या शिवेला लागून. वडील गेल्यापासून आई तिथं एकटीच असते. वावर दुसऱ्याला कसायला दिलंय, पण रोज एक चक्कर मारून आल्याशिवाय तिच्या घशाखाली भाकर उतरत नाही. मी दर शनिवारी एसटीनं मालेगावपर्यंत (आमचं वाशीमजवळचं, नाशिककडचं नव्हे) आणि पुढं मिळेल त्या वाहनानं घरी जाते, सोमवारी परत येते.

आई जखमेवर पाला द्यायची. विळा लागलेला, काटा मोडून पिकलेला, बैलाच्या खुराखाली बोट सापडलेला, असे कोणकोण येऊन ओट्यावर बसायचे. पाला कशाचा हे काही गुपित नव्हतं. निर्गुडीचा वास लपत नाही, पाट्यावर वाटायला घेतली की चार घरांना कळतं. आमच्याकडं ती कुठंही असते, नाल्याच्या काठानं, धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर. ढोरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून लोक मुद्दाम कुंपणाला लावतात. एखादा शहाणा माणूस म्हातारीचा हेलपाटा वाचावा म्हणून येताना स्वतःच डहाळ्या तोडून आणायचा. आई त्या बाजूला सारायची.

"यानं काई होत नाई," ती म्हणायची. "माह्या झाडाचा लागते."

तिचं झाड कुठलं ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. जागा सांगितली की गुण जातो, असं ती म्हणे, आणि गुणाच्या बाबतीत आमच्याकडं कुणी वाद घालत नाही. पाला आणायची तिची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी सांजेला जाऊन झाडाला आवतन द्यायचं. हळद, कुंकू, चार तांदूळ आणि "उद्या येतो" एवढे दोन शब्द. (आमच्याकडच्या बायका 'मी येतो'च म्हणतात. शिकायला बाहेर गेले तेव्हा याच्यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली.) दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता, चूळही न भरता, वाटेत कुणाशी न बोलता जायचं. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही. लागतील तेवढीच पानं घ्यायची आणि मागं न पाहता परत यायचं.

सहा-सात वर्षांची असताना मी एकदा हट्ट करून तिच्यामागं गेले. तिनं मला तुरीच्या कडेला उभं केलं, तोंड घराकडं करून. खुणेनंच सांगितलं, वळायचं नाही. मी वळले नाही, पण कान काही मिटता येत नाहीत. आई बोलत होती. आई म्हणजे दिवसाकाठी मोजून दहा वाक्यं बोलणारी बाई. तिथं ती सलग, हळू, मधूनच हसत बोलत होती. आणि मध्ये थांबत होती, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून थांबतात तशी. मग पुन्हा "हो ना व" म्हणून पुढं बोलायची. ती परत आली, माझा हात धरला, आणि घरी येऊन पाला वाटून होईपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघाला नाही.

आणखी एक गोष्ट त्याच काळातली. संक्रांतीला बांगडीवाली यायची. आई माझ्या हातात बांगड्या भरून झाल्या की म्हणायची, "आता एक जोड जरा मोठा दे." मला वाटे, तो पुढच्या वर्षासाठी. पण पुढच्या वर्षी बांगडीवाली आली की पुन्हा माझ्या मापाचा एक जोड आणि एक जरा मोठा. आधीचे मोठे जोड कुठं गेले, हे मी कधी विचारलं नाही. पोरांना स्वतःच्या बांगड्यांपलीकडं काही दिसत नसतं.

मी शिकले, नोकरीला लागले, आणि पाल्याबिल्याच्या गोष्टींवर चारचौघांत हसायला लागले. आईसमोरही हसायची. ती मनावर घेत नसे, किंवा मला तसं वाटायचं.

मग मालेगावच्या एका किराणा दुकानदारांच्या टाचेचं प्रकरण आलं. जैन गृहस्थ, फार सालस माणूस, आमच्या घरचं वाणसामान वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच यायचं. साखरेचा आजार, टाचेला जखम, महिनोन्‌महिने भरेना. तपासणीचा कागद त्यांनी मला दाखवला. जखमेत जो जिवाणू वस्तीला आला होता त्याच्यापुढं कागदावरची जवळजवळ सगळी औषधं नापास झाली होती. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर सांगतात ते करा, कुठंही जाऊ नका. ते सरळ माझ्या आईकडं गेले. तिनं पाला दिला आणि वर दटावलं, "दवाखाना सोडू नका, हे वरून लावा." दवाखाना चालू, पाला चालू, आणि जखम भरत आली. कशानं भरली हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण माझ्या डोक्यात किडा शिरला.

त्याच सुमारास चाळिशीच्या तोंडावर मी पीएच.डी.ला नाव घातलं होतं. विषय होता औषधी झाडांच्या आत राहणारे जिवाणू. वर्गात हे सांगितलं की मुलं नाक मुरडतात, त्यांना वाटतं झाड किडलेलं असणार. तसं नसतं. धडधाकट झाडाच्या मुळात, देठात, पानाच्या शिरेत जिवाणू घर करून असतात. झाडाचं खातात आणि झाडाला काहीबाही करून देतात. पुष्कळदा ज्याला आपण झाडाचा गुण म्हणतो तो झाडाचा नसतो, आतल्या बिऱ्हाडकरूचा असतो. नवी औषधं शोधणारे लोक म्हणूनच आता पानांच्या आत डोकावताहेत. मी ठरवलं, आपण निर्गुडीच्या आत डोकावायचं.

हे काम ज्यानं केलंय त्यालाच त्यातली भीती कळेल. पान आधी नळाखाली धुवायचं. मग स्पिरिटात बुडवायचं, मग कपड्यांना लावतात तसल्या ब्लीचच्या पाण्यात, पुन्हा स्पिरिटात, मग उकळून निर्जंतुक केलेल्या पाण्यात तीनदा. बाहेरून त्याच्यावर जिवंत असं काही उरता कामा नये. उरलं नाही याचा पुरावा म्हणून शेवटच्या धुण्याचं पाणी, जिवाणूंचं खाणं थिजवून ठेवलेल्या एका प्लेटवर पसरायचं. ती प्लेट कोरी राहिली पाहिजे. मग ते मेल्यासारखं पान कापायचं आणि कापलेली कड दुसऱ्या प्लेटवर टेकवून वाट पाहायची. दोन आठवडे, तीन आठवडे. पहिली प्लेट कोरीच असते. आणि दुसऱ्या प्लेटवर एका सकाळी, कापलेल्या कडेतून, आतलं कुणीतरी हळूच बाहेर आलेलं असतं.

मी जऊळका स्टेशनच्या रस्त्यावरची निर्गुडी आणली, मालेगावच्या नाल्यावरची आणली, आमच्या शिवारातल्या दिसेल त्या धुऱ्यावरची आणली. सगळ्यांतून काही ना काही निघालं, पण दुकानदारांच्या टाचेतल्या त्या जिवाणूपुढं ठेवलं की एकाचंही काही चालेना. तो जिवाणू मी तपासणीच्या प्रयोगशाळेतून रीतसर मागून आणला होता. मग एका रविवारी मी आईच्या सुपातली मूठभर पानं उचलली. न विचारता. विचारलं असतं तर ती 'घे' म्हणाली असती की नाही, हे आता कोण सांगणार.

तिच्या पानांतून जे निघालं ते पांढरट, भुकटीसारखं होतं, आणि झाकण किलकिलं केलं की त्याला ओल्या मातीचा वास यायचा. मी त्याला त्या हट्टी जिवाणूच्या शेजारी ठेवलं. तिसऱ्या दिवशी प्लेट उजेडाकडं धरली तर सगळीकडं तो दाट पसरलेला, आणि माझ्या पांढऱ्या ठिपक्याभोवती एक स्वच्छ, गोल, पारदर्शक कडं. त्या कड्याच्या आत पाय ठेवायची त्याची टाप नव्हती. मी प्रयोगशाळेत एकटीच होते. आनंदानं ओरडले. मग आईचं वाक्य आठवलं, माह्या झाडाचा लागते.

माझे मार्गदर्शक सर म्हणाले, पानं पुरत नाहीत, ते झाड पाहिजे. हे जिवाणू बहुतेक मातीतून मुळांत शिरतात. मूळ आणि मुळाशेजारची माती आणा.

मी आईला विचारलं. तिनं मान हलवली. मी पुन्हा विचारलं, समजावलं, चिडले. "लोकायचे जीव वाचतीन, आई!" असं मोठ्यानं म्हणाले. खरं तर तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर माझा प्रबंध होता.

"पाला पाह्यजे तेवढा नेय," ती म्हणाली. "जागा नको इचारू, बाई."

मग मी तेच केलं जे सहाव्या वर्षी केलं नव्हतं. एका रविवारी उजाडताना तिच्यामागं गेले, अंतर ठेवून. आमच्या वावराच्या पार टोकाला, नाल्याकडच्या धुऱ्यावर, बोरी-बाभळींच्या आड ती थांबली. लांबून शब्द कळत नव्हते, पण तो आवाज मी लगेच ओळखला. तेच सलग बोलणं, तेच मध्ये थांबणं. तीस-पस्तीस वर्षांत त्यात एकच फरक पडला होता. लहानपणी ऐकलेला आवाज लहान पोरीशी बोलावं तसा होता. आता ती शेजारणीशी बोलावं तशी बोलत होती, आपल्याला सासुरवाशीण लेक असती तर तिच्याशी बोलू तशी.

पुढच्या आठवड्यात आई जऊळक्याला लग्नाला गेली. वैशाखाचे दिवस. भर दुपारी धुऱ्याकडं जाऊ नये असं आमच्याकडं म्हणतात, त्या वेळेला बाहेरचं काही फिरत असतं म्हणे. मी टोपी घातली, सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि बाराच्या ठोक्याला तिथं जाऊन उभी राहिले. सगळं शिवार रिकामं. पाखराचा आवाज नाही. वारा पडलेला होता, तरी झाडातून बारीक किणकिण ऐकू येत होती.

त्या बांगड्या होत्या. फांद्यांत अडकवलेल्या काचेच्या बांगड्या. खालच्या, बुंध्याजवळच्या फांद्यांवर अगदी चिमुकल्या, तान्ह्या मुलीच्या. त्यांच्यात फांदी इतकी जाडावली होती की काच सालीत रुतून बसली होती. वर वर माप वाढत गेलेलं. दोन वर्षांच्या मुलीचं, शाळेतल्या मुलीचं, वयात आलेल्या मुलीचं. शेंड्याजवळ अडीचच्या मापाच्या हिरव्या बांगड्या, अगदी नव्या. माझं माप सव्वादोन. मी उभ्या उभ्या मोजत गेले आणि कळलं की या सगळ्या बांगड्या, वर्षामागून वर्ष, माझ्यापेक्षा जराशा मोठ्या हाताच्या होत्या.

तिथं मी थांबायला हवं होतं. मी फोटो काढला आणि खणायला लागले.

हातभर खाली सब्बल दगडावर वाजली. तीन चपटे दगड, एकाला एक लावून ठेवलेले. मी ते उचकटले. खालची माती काळी आणि मऊ होती, त्या उन्हाळ्यातही गार. सगळी मोठी मुळं तिकडंच वळलेली होती. मी त्यातली दोन तोडली, बारीक मुळांचा जाळीदार गुंता मातीसकट पिशवीत भरला, दगड परत ठेवले, खड्डा बुजवला. हे सगळं करताना माझ्या पाठीमागं कुणीतरी तोंड फिरवून उभं आहे, असं मला वाटत राहिलं. मीच ती, तुरीच्या कडेला उभी केलेली. मी वळून पाहिलं नाही.

सोमवारी कॉलेजात मुळं धुवायला घेतली. चाळणीत बारीक मणी दिसले, काळे आणि पांढरे. तान्ह्या लेकरांच्या मनगटावर बांधतात त्या मणगटीचे मणी. त्यातला दोरा कधीच कुजून गेला होता. पण निर्गुडीचं एक केसासारखं मूळ एका मण्याच्या भोकातून शिरून दुसऱ्यातून, तिसऱ्यातून, चौथ्यातून पुढं गेलं होतं. दोरा संपला होता आणि मुळानं मणी ओवून ठेवले होते. मी नळ बंद केला. एकेक मणी उचलून कोरड्या रुमालावर ठेवला.

शनिवारी ते मणी रुमालात बांधून घरी नेले. आई चुलीपाशी होती. मी रुमाल उघडला.

तिनं पाहिलं. हात लावला नाही.

"खंदलं तू?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले.

तिनं तव्यावरची भाकर उलथली नाही. भाकर करपली. मग तिनं सांगितलं. माझ्याआधी एक झाली होती. अकरा दिवसांची. बारशाच्या आदल्या दिवशी गेली, म्हणून नाव नाही. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी वर दगड ठेवले आणि निर्गुडीचा फाटा रोवला. ढोरांनी तुडवू नये, कोल्ह्यानं उकरू नये, एवढाच त्यांचा विचार. दोन वर्षांनी मी झाले, आणि माझ्यासमोर ती गोष्ट काढायची नाही असं घरात ठरलं. पुढं एकदा वडिलांच्या पायात कुऱ्हाड लागली. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून आईनं त्याच झाडाचा पाला आणून बांधला. पाय भरला.

"तवापासून आनतो," आई म्हणाली. "लेकीच्या घरून आनल्यावानी. आदल्या दिवशी इचाराव लागते. फुकटात ओरबाडून आनत नसते कोनी लेकीच्या घरून."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू हासत होती न व पाल्यावर," ती म्हणाली. रागानं नाही. तेच जास्त लागलं.

मी सांगितलं की दगड परत नीट ठेवलेत. भाकर बाजूला ठेवून तिनं दुसरी थापायला घेतली.

निर्गुडी सहसा मरत नाही. तोडा, छाटा, पुन्हा फुटते. ही मरायला लागली. वैशाखात मोठी मुळं तुटलेली, त्यात खालची गार माती मी उघडी केलेली. आधी पानं पिवळी पडली, मग गळाली. आई रोज दोन कळशा पाणी नेऊन घालायची, शनिवार-रविवारी मी नेत होते. आम्ही दोघी त्या धुऱ्यावर जायचो आणि एक शब्द बोलायचो नाही. आईसुद्धा आता तिथं बोलत नव्हती. मला ते पाहवत नसे. पाऊसकाळ लागला, शेजारचं सोयाबीन गुडघ्याला आलं, आणि आमच्या झाडाला एक कोंब नाही. नुसत्या काटक्या आणि त्यांच्यावर बांगड्या. वारा आला की सगळ्या एकदम वाजायच्या.

त्या दिवसांत दुकानदार पुन्हा आले. दुसऱ्या पायाला काही टोचलं होतं. आई ओट्यावर आली आणि म्हणाली, "पाला सरला, भाऊ. दवाखान्यात जा." ते गेल्यावर ती आत आली आणि पाटा उभा करून भिंतीला लावून ठेवला.

इकडं प्रयोगशाळेत दुसरंच सुरू झालं होतं. मुळांतूनही तोच पांढरा जिवाणू निघाला होता. मी आनंदानं तो या प्लेटवरून त्या प्लेटवर वाढवत होते, आणि दर वेळी त्याच्याभोवतीचं ते स्वच्छ कडं लहान होत चाललं होतं. वाढत होता तो, जिवंत होता, पण हट्टी जिवाणू त्याच्या जवळ जवळ सरकत होता. एके दिवशी अगदी खेटून बसला. सर म्हणाले, असं होतं कधीकधी. झाडातून काढलं की यांना काय करायचं ते आठवेनासं होतं. त्याच झाडाचा अर्क त्यांच्या खाण्यात घालून पाहा.

त्याच झाडाचा अर्क कुठून आणू? त्या रात्री मी वाशीमच्या खोलीवर पोटभर रडले. तोवर एकदाही रडले नव्हते.

शनिवारी आईला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, नीट, तिला कळेल असं. झाडाच्या आत कोण राहत होतं, ते मी कसं बाहेर काढलं, ते आता कसं गप्प पडत चाललंय. ती ऐकत होती. मी हेही सांगितलं की हे जिवाणू मातीतून मुळात येतात. त्या मातीत काय होतं ते आम्हा दोघींना माहीत होतं. याच्यापुढं शास्त्र काही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. शेजारच्या धुऱ्यावरच्या निर्गुडीत तो जिवाणू का नव्हता, याचं उत्तर मला प्रबंधातही लिहिता आलेलं नाही.

"म्हंजे जित्तं आहे अजून?" आईनं विचारलं.

"आहे."

ती उठली. फळीवरून एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. आत वाळलेली पानं होती. गळत होती तेव्हा एकेक वेचून तिनं ती ठेवली होती.

"घरचं खायाले भेटलं नाई तं लेकरू कसं बोलंन?" ती म्हणाली. "पन मी येतो संगं."

सोमवारी मी तिला वाशीमला घेऊन आले. येताना तिनं नेसूचं नवं लुगडं काढलं होतं, पाहुण्यांकडं जाताना नेसतात तसं. तिच्यादेखत मी पानांचा अर्क काढला, गाळला, खाण्यात घातला. आणि त्याआधी मी एक गोष्ट केली होती जी माझ्या विद्यार्थ्यांना कळली तर त्यांना वर्षभर पुरेल. आदल्या सांजेला वाळलेल्या झाडापाशी जाऊन हळद-कुंकू वाहिलं होतं आणि म्हणाले होते, "उद्या नेतो."

चार दिवस आई माझ्याकडंच राहिली. चौथ्या दिवशी मी उबवण्याच्या पेटीतून प्लेट काढली आणि उजेडाकडं धरली. कडं परत आलं होतं. आधीपेक्षा मोठं, रेखीव, काचेसारखं.

ती प्लेट मी तिला उघडू दिली नाही, आत तो टाचेतला जिवाणू होता. झाकणावरून तिनं कड्याभोवती बोट फिरवलं.

"पाह्य," ती म्हणाली, "बांगडी घातली तिनं."

खरंच, तान्ह्या लेकराच्या बांगडीएवढंच होतं ते. मग मी दुसरी प्लेट आणली, जिच्यात फक्त आमचाच जिवाणू होता, आणि झाकण जरासं उचलून तिच्यापुढं धरलं. तिनं वास घेतला. ओल्या, गार मातीचा. डोळे मिटले आणि मान हलवली, ओळखीची खूण पटल्यावर हलवतात तशी.

"आता हिले कुठी ठेवतं?"

मी तिला डीप फ्रीज दाखवला. झाकण उघडल्यावर थंड वाफ तिच्या तोंडावर आली आणि ती मागं सरली. आत छोट्या नळ्यांत आमचा जिवाणू झोपवून ठेवलेला होता. असं ठेवलं की वर्षानुवर्षं टिकतो, मी सांगितलं, फक्त गारवा जाता कामा नये.

"एवढ्या थंडीत?" ती म्हणाली. "एकलीले?"

तिनं पिशवीतून एक हिरवी बांगडी काढली, अडीचच्या मापाची, झाडाच्या शेंड्यावरची. फ्रीजच्या मुठीत ती अडकवली आणि कुणाशीही न बोलता पायऱ्या उतरून गेली.

पुढं काय झालं तर विशेष काही नाही. प्लेटवरचं कडं म्हणजे औषध नव्हे. त्याच्यातून औषध निघेल की नाही, माझ्या हयातीत निघेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. नमुने सरांकडं गेलेत, काम चालू आहे. डब्यातली पानं फार थोडी उरलीत. वाळलेलं झाड आईनं तोडू दिलं नाही. त्याच्या शेजारी तिनं दुसरी निर्गुडी लावली आहे, ती लागली आहे. तिच्या आत कोण आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. न विचारता पाहणार नाही.

फ्रीज उघडला की बांगडी वाजते. मुलं विचारतात, मॅडम, ही कशाला? मी म्हणते, काम करा.

आईचा फोन रोज येतो. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, जेवली का? आता गावात वीज गेली की लगेच फोन. "तिकडं लाईन आहे का?" आहे म्हटलं की मग जेवणाचं विचारते. परवा सांजेला आमच्याकडचीही गेली. सगळ्या कॉलेजात अंधार, जनरेटर चालू होईना, शिपाई रॉकेट सुटल्यासारखा खाली पळाला. मी बर्फाच्या लाद्या आणून फ्रीजभोवती रचल्या, वर पोत्यांची चवड टाकली आणि झाकणावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. पाऊण तास. फोन वाजत होता, मी उचलत नव्हते. काय सांगणार होते?

मग खालून घरघर ऐकू आली, मूठ थरथरली आणि बांगडी किणकिणली. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"आली व लाईन, ताई," मी म्हणाले. आणि उत्तरासाठी थांबले.